काळ्या जमिनीत ८ × ४ मीटरचा स्विमिंग पूल: नऊ इंची वीटकाम चालेल का? (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. घरामागच्या मोकळ्या जागेत स्विमिंग पूल करायचा आहे. आतलं माप ८ × ४ मीटर, खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. जेसीबीने आठ फुटांचा खड्डा घेऊन पाहिला. वरची सात फूट काळी माती, त्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती. एप्रिलमध्ये खड्डा कोरडा होता, पण शेजारच्या विहिरीचं पाणी ऑगस्टमध्ये जमिनीपासून दोन फुटांवर येतं.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन असं आहे: तळाला सहा इंच कोबा, बाजूने नऊ इंची वीटकाम, आतून वॉटरप्रूफिंग पावडर घालून प्लॅस्टर, त्यावर टाइल. तळात एक ड्रेन, एक पंप, एक फिल्टर. त्याचं म्हणणं, "पाण्याची टाकी बांधतो तसंच हे, फक्त मोठं." आरसीसी सांगितलं की खर्च बराच वाढतो. प्रश्न तीन आहेत. वीटकाम चालेल का? काळ्या मातीचं काय करायचं? आणि करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

मिरज_स्ट्रक्चर

वीटकाम चालणार नाही. कारण आकड्यातच बघा. (पूल म्हटलं की सांगलीकराच्या डोळ्यांपुढे आधी कृष्णेवरचा आयर्विन पूलच येतो, म्हणून मी टाकी म्हणतो.)

टाकी भरलेली असते तेव्हा आतलं पाणी आणि बाहेरची माती एकमेकांना तोलून धरतात. खरा प्रसंग टाकी रिकामी असताना येतो. ऑगस्टमध्ये बाहेरची माती भिजून फुगलेली असते आणि आत आधार काहीच नसतो. दीड मीटर उंचीची, वरून मोकळी भिंत घ्या. बाहेर पाणी जमिनीपर्यंत आहे असं धरलं तर पाणी आणि माती मिळून भिंतीच्या पायाशी दर मीटर लांबीला साधारण ७ ते ७.५ किलोन्यूटन-मीटर वाकवणारा जोर येतो. नऊ इंची वीटकामात त्यामुळे होणारा ताण विटा-मसाल्याला झेपतो त्याच्या सुमारे दहापट निघतो. आणि यात काळ्या मातीच्या फुगण्याचा दाब धरलेलाच नाही. भिंत कोसळली नाही तरी कोबा आणि भिंत जिथे मिळतात तिथे आडवी चीर पडते. ती चीर प्लॅस्टरने बुजत नाही, दर पावसाळ्यात पुन्हा उघडते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. टाकी तरंगते. तुमच्याच मापांवर हिशोब करतो. भिंत २०० मिमी, तळ २०० मिमी आरसीसी धरला तर बाहेरचं माप ८.४ × ४.४ मीटर, म्हणजे जवळपास ३७ चौरस मीटर. काँक्रीट सुमारे १५ घनमीटर, वजन ३७ टन. प्लॅस्टर आणि टाइल धरून ४३ टन. आता जमिनीतलं पाणी दोन फुटांवर आलं की तळाच्या बुडापासून सुमारे १.१ मीटर पाणी बाहेर उभं राहतं आणि खालून वर ढकलणारा जोर होतो ४० टन. पूर्ण झालेली रिकामी टाकी जेमतेम टिकेल. पण प्लॅस्टर-टाइल न झालेला नुसता सांगाडा ३७ टनांचाच, म्हणजे तो उचलला जाईल. मे महिन्यात काँक्रीट करून "टाइल दिवाळीत बघू" म्हणत पावसाळाभर रिकामी ठेवलेली टाकी वाकडी होते ती याच कारणाने.

कोब्याची टाकी याहून हलकी. शिवाय कोबा आणि वीटकाम एकजीव नसल्याने आधी तळच फुगून वर येतो.

उपाय स्वस्त आहे. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी ३०० मिमी वाढवा, म्हणजे टाच. त्या टाचेवर दाबलेला मुरूम टाकीला धरून ठेवतो. पाणी दोन फुटांवर असताना टाचेमुळे १५ टनांच्या वर जादा वजन मिळतं. तरीही पुराचं पाणी जमिनीपर्यंत आलं तर जोर ६३ टनांच्या घरात जातो आणि टाच असूनही रिकामी टाकी तरंगू शकते. २०१९ ला आयर्विनजवळ कृष्णा ५७ फुटांपुढे गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. तुमचा प्लॉट पूररेषेच्या आत असो वा नसो, जून ते ऑक्टोबर टाकी भरलेलीच ठेवायची. भरलेल्या टाकीत वरून ४३ टन पाणी असतं, ती हलत नाही.

पूर ओसरल्यावर गाळ काढायला लोक लगेच मोटर लावून टाकी उपसतात. बाहेरची माती तेव्हा पूर्ण भिजलेली असते. गाळ आतल्या पाण्यासकटच व्हॅक्यूमने काढा. उपसायचीच असेल तर आधी बाहेरच्या पाण्याची पातळी मोजा.

मोजायची कशी? टाकीच्या कडेला चार इंची, खालच्या भागात फटी पाडलेला पीव्हीसी पाइप तळाच्या बुडाखाली एक फूट जाईल असा उभा करा, भोवती २० मिमी खडी, वर टोपण. वजन बांधलेली दोरी सोडली की पातळी कळते. पाणी जमिनीपासून अडीच फुटांच्या आत असेल तर टाकी रिकामी करायची नाही. टाच नसलेल्या टाकीसाठीही हा नियम पुरेसा आहे.

मिरज_स्ट्रक्चर

आता काळी माती. तुमच्याकडे ती सात फुटांवर संपते, हे नशीब. तळाचं बूड जमिनीपासून १.७ मीटरवर येईल, त्याखाली १०० मिमी पीसीसी (बिनगजाचं काँक्रीट) आणि त्याखाली ६०० मिमी मुरूम. खोदाई ८ फुटांच्या आसपास गेली की काळी माती पूर्ण निघून जाते, अर्धवट ठेवायची वेळच येत नाही. जिथे काळी माती खोलवर असते तिथे न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा जाड थर देतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी कालव्यांसाठी ही पद्धत बसवली.

माती किती फुगते हे दोन मोजपात्रांत कळतं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली सुकी माती दहा-दहा ग्रॅम घ्या. एका १०० मिलीच्या पात्रात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के वाढलं ते पाहा. ५० टक्क्यांच्या वर गेलं तर ती माती टाकीच्या भिंतीला टेकू द्यायची नाही.

मुरूम तळाखाली आणि चारी बाजूंना दोन फूट रुंदीने. दाबून साधारण २२ ब्रास, म्हणजे सुटा २८ ब्रास मागवावा लागेल. १५० ते २०० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर. जेसीबीच्या बकेटने थोपटणं म्हणजे दाबणं नव्हे. आणि मुरमाऐवजी वाळूची गादी कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. काळ्या मातीत वाळू पाणी साठवून ठेवते आणि तेच पाणी भोवतालच्या मातीला पाजते.

काँक्रीट M३०, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत. हे आयएस ३३७० चं आहे, पाणी साठवणाऱ्या बांधकामाचं मानक. वॉटरप्रूफिंगसाठी वेगळं मानक आहे, आयएस ६४९४. आरएमसी (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट) घ्या, पण ट्रक आल्यावर "घट्ट आहे" म्हणून पाणी ओतू देऊ नका. भिंतीला १०० ते १२० मिमी स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) लागतो, तो प्लांटवरच प्लास्टिसायझर या रसायनाने आणतात. गज दोन्ही बाजूंनी दोन जाळ्या, १० मिमीचे १५० मिमी अंतरावर. एवढ्या उंचीला साधारण हे पुरतं, तरी अंतिम डिझाइन तुमच्या इंजिनिअरच्या सहीचं असू द्या. कव्हर, म्हणजे गजावरचं काँक्रीट, ४५ मिमी, कव्हर ब्लॉक काँक्रीटचे. दगडाचे तुकडे आणि टाइलचे कपचे नकोत.

गळती कुठून होते? काँक्रीटमधून क्वचित. जोडातून नेहमी. तळ ओततानाच भिंतीची पहिली १५० मिमी उंची, म्हणजे किकर, एकत्र ओता. जोडात पीव्हीसी वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) उभा बसवा आणि तो गजाला बांधून ताठ ठेवा, नाहीतर काँक्रीट पडताना आडवा होतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते. भिंत चारी बाजूंनी एकाच दिवशी, न थांबता. सेंट्रिंग आवळायला भिंतीतून आरपार तार किंवा पीव्हीसी नळी घालतात, ती प्रत्येक नळी पुढे एक गळती. मध्ये वॉटरस्टॉप असलेले टाय वापरा. ते नाही मिळाले तर भोकं दोन्हीकडून २५ मिमी खोल फोडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरा.

पाणी मारणं तळावर आळं करून, भिंतीला गोणपाट. १४ दिवस. एप्रिल-मेच्या उन्हात पहिले तीन दिवस भिंत एकदाही सुकता कामा नये.

विश्रामबागकर

मिरजकर साहेब, हिशोब वाचून झोप उडाली. म्हणजे वीटकामाचा विषय संपला. तळाच्या ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला की बाहेरचं पाणी आपोआप आत येतं आणि टाकी तरंगत नाही, असं एका डीलरने सांगितलं. मग टाच कशाला?

कऱ्हाड_सिव्हिल

व्हॉल्व्ह बसवा, पण भरवसा टाचेवर ठेवा. तो स्प्रिंगचा झडप-व्हॉल्व्ह असतो. त्याच्याखाली खडीचा खड्डा आणि जिओटेक्स्टाइलची (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाची) पिशवी नसेल तर काळ्या मातीचा बारीक गाळ त्यात जातो आणि झडप अर्धी उघडी अडकते. पावसाळ्यात गढूळ पाणी आत, उन्हाळ्यात तुमचं पाणी बाहेर. काळ्या मातीतून पाणी हळू झिरपतं ही आणखी एक अडचण. एका व्हॉल्व्हपर्यंत भोवतालचा दाब पोहोचायला खाली पाणी वाहण्याची वाट हवी. पीसीसीच्या खाली १५० मिमी खडीचा थर आणि त्यातून निरीक्षण पाइपपर्यंत छिद्राचा पाइप दिलात तर व्हॉल्व्हला अर्थ आहे, नाहीतर शोभेचा.

मिरज_स्ट्रक्चर

खडीच्या थराला माझी थोडी हरकत आहे. तळाखाली खडी म्हणजे पुन्हा पाणी साठायची जागा. इथे मात्र काळी माती पूर्ण काढलेली आहे आणि खाली मुरूम दाबलेला आहे, त्यामुळे चालेल. काळी माती तळाखाली ठेवून वर खडी टाकायची नाही, एवढं पाळा.

फिल्टरवाला_माधवनगर

पाइप आणि मशिनरीबद्दल लिहितो. कोटेशनमध्ये "एक ड्रेन" आहे, ते आधी खोडा. तळात किमान दोन ड्रेन, एकमेकांपासून ९०० मिमीहून जास्त अंतरावर, दोन्ही एकाच सक्शनला, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या पाइपला, जोडलेले. एकच ड्रेन असेल आणि त्यावर लहान मुलाचं अंग किंवा केस ओढले गेले तर पंपाचा सगळा जोर तिथेच लागतो, मूल सुटत नाही. अमेरिकेत याच प्रकारच्या अपघातानंतर २००७ मध्ये कायदा झाला. ड्रेनची जाळी फुगीर, खेचण्यापासून वाचवणारी घ्या, सपाट नको.

पाणी ४३,००० लिटर. ते चार तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला ताशी १०.८ घनमीटर प्रवाह लागतो. सक्शन ६३ मिमी, रिटर्न (टाकीत परत येणारा पाइप) ५० मिमी, दोन्ही १० किलो दाबाचे यूपीव्हीसी. ५० मिमीचं सक्शन ओढलं तर वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या वर जातो आणि पंप खडखडतो. सँड फिल्टर ६०० मिमी व्यासाचा, पंप १ एचपी. दोन एचपीचा पंप म्हणजे चांगला पंप असं सांगतील. लहान फिल्टरवर मोठा पंप लावला की वाळूत भगदाडं पडून घाण आरपार जाते.

पंपरूम खड्ड्यात नको. पाणी आपोआप पंपात येतं म्हणून सगळे जमिनीखाली खोली करतात, आणि जोराचा पाऊस झाला की पहिली बुडते तीच. जमिनीवर, दोन फूट जोत्यावर, सेल्फ-प्रायमिंग पंप, टाकीपासून सहा-सात मीटरच्या आत.

स्किमर, म्हणजे वरवरची घाण ओढणारं भिंतीतलं तोंड, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून स्किमर पूर्वेच्या भिंतीत आणि रिटर्न समोरच्या भिंतीत. पानं, तेलकट साय आपोआप स्किमरकडे सरकते.

भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपला पडल फ्लँज (पाइपभोवतीची पाणी अडवणारी चकती), आणि तो काँक्रीट ओतायच्या आधीच गजात बसवलेला. नंतर छिन्नीने भोक पाडून पाइप घालणाऱ्याला पैसे देऊ नका. ओतायच्या आधी सगळे पाइप बंद करून ३ ते ४ किलो दाब २४ तास ठेवा आणि काँक्रीट पडेपर्यंत गेज जोडलेलाच असू द्या. व्हायब्रेटरची सुई पाइपला लागली तर काटा त्याच क्षणी खाली येतो, तेव्हाच कळलं तर दुरुस्ती होते.

वीज: पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, ट्रान्सफॉर्मर पंपरूममध्ये. पूर्ण सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). गजाची जाळी, शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी, सगळं एका तांब्याच्या वायरने एकत्र जोडून अर्थिंगला. जाळीला वायर ओतायच्या आधीच जोडावी लागते, नंतर शक्य नाही.

पाचगणी_प्लॉट

विषय थोडा वेगळा, पण विचारून घेतो. आमचा प्लॉट उतारावर आहे, एका बाजूला दगड लागतो, दुसऱ्या बाजूला भराव करावा लागेल. टाच वगैरे तिथेही लागते का?

कऱ्हाड_सिव्हिल

तुमचा धोका वेगळा आहे. अर्धी टाकी दगडावर आणि अर्धी भरावावर बसली की भराव खचतो, दगड खचत नाही, आणि टाकी बरोबर मधोमध तडकते. एकतर टाकी सरकवून पूर्ण खोदाईच्या बाजूला घ्या, नाहीतर भरावाच्या बाजूचे खांब किंवा भिंत खाली दगडापर्यंत न्या. भराव कितीही दाबला तरी तो दगड होत नाही. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या पावसात डोंगराचं पाणी टाकीच्या वरच्या भिंतीवर येऊन आदळतं, त्या भिंतीमागे खडी आणि छिद्राचा पाइप देऊन ते बाजूने काढा. ओव्हरफ्लो पाइप ११० मिमी, त्याहून लहान नको.

विश्रामबागकर

टाइल आणि पाण्याची चाचणी कशी घ्यायची? बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात.

मिरज_स्ट्रक्चर

क्रम असा. काँक्रीटला २८ दिवस झाल्यावर, प्लॅस्टर आणि टाइलच्या आधी, उघड्या काँक्रीटची चाचणी. टाकी भरा, सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या, मग पुढचे सात दिवस पातळी मोजा. आयएस ३३७० मध्ये झाकलेल्या जमिनीखालच्या टाकीला सात दिवसांत ४० मिमी घट चालते. उघड्या टाकीला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, कारण उन्हाळ्यात दिवसाला ६ ते १० मिमी नुसतीच वाफ होते. म्हणून बादली. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, तिच्या आतल्या आणि टाकीच्या पातळीवर खूण करा. २४ तासांनी टाकी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर तेवढी गळती.

पाइप जोडल्यावर हीच चाचणी पंप बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. चालू असतानाच जास्त उतरते तर रिटर्न लाइन गळते. पाणी उतरत उतरत स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमर, दिव्याच्या पातळीला थांबलं तर दिव्याच्या वायरची नळी. पाणी स्वतःच सांगतं, फक्त रोज सकाळी एकाच वेळी खूण करा.

गळती निघाली नाही तर पॉलिमर-सिमेंटचे दोन कोट, त्यावर टाइल. जवळपास शून्य पाणी शोषणारी पोर्सेलिन किंवा ग्लास मोझॅक, पूलसाठीच्या अॅडहेसिव्हवर, २-३ मिमी जोड. सांध्यात एपॉक्सी ग्राउट. पांढऱ्या सिमेंटचा सांधा क्लोरीनच्या पाण्यात भुगा होतो.

फिल्टरवाला_माधवनगर

बोअरचं पाणी भरण्याआधी हार्डनेस तपासा. पूलला २०० ते ४०० पीपीएम चालतं, त्याच्या वर असेल तर अर्धं टँकरचं गोडं पाणी मिसळा. १०,००० लिटरचे दोन टँकर म्हणजे जवळपास निम्मं. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२०, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. जड पाण्यात पीएच वर सरकत राहतो आणि पाण्याच्या रेषेवर टाइलवर पांढरा पट्टा येतो, त्यामुळे पीएच आठवड्यातून दोनदा तरी बघा.

६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर असेल तर २ पीपीएम वाढवायला तुमच्या टाकीला सुमारे १३० ग्रॅम लागते. किराणा दुकानातली ब्लीचिंग पावडर त्याच्या निम्म्या ताकदीची आणि चुन्याचा गाळ सोडणारी, ती नको. तीन इंची टीसीसीए (क्लोरीनच्या) गोळ्या सोयीच्या असतात, पण त्यातून क्लोरीनला बांधून ठेवणारं सायन्युरिक अॅसिड साठत जातं. १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम. वर्षभर फक्त गोळ्याच वापरल्या तर क्लोरीन दाखवतं भरपूर आणि शेवाळ तरी येतं. गोळ्या आणि पावडर एका डब्यात, एका चमच्यानेही एकत्र करू नका, आग लागते. अॅसिड आणि क्लोरीन एकाच वेळी ओतायचं नाही, विषारी वायू निघतो.

कऱ्हाड_सिव्हिल

करारात लिहून घ्यायचं ते असं: इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग आणि ३०० मिमी टाच, M३०, आरएमसीचं चलन प्रत्येक ट्रकचं, तळाच्या ओतणीला सहा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), भिंतीच्या ओतणीला सहा, तीन सात दिवसांना आणि तीन अठ्ठावीसला फोडायचे, ओतायच्या आदल्या दिवशी गज, वॉटरस्टॉप आणि पाइपच्या दाबाची तुमच्यासमोर तपासणी, प्लॅस्टरआधी पाण्याची चाचणी. पैसे हप्त्यांत, आणि किमान दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर. दहा टक्क्यांना कॉन्ट्रॅक्टर तयार होत नसेल तर पाच घ्या, पण पावसाळ्याची अट सोडू नका. आणि तारीख: सांगाडा, चाचणी आणि मुरूम भरणं मे संपायच्या आत होत नसेल तर खोदाईच दिवाळीनंतर सुरू करा.

विश्रामबागकर

खोदाई दिवाळीनंतरच. निरीक्षण पाइप मात्र याच पावसाळ्याआधी आठ फुटांच्या खड्ड्यात उभा करून ठेवतो, जुलै-ऑगस्टचे आकडे इथे टाकतो.